चेनची घड्याळं आणि बदललेल्या डायलींचा वाद

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जुन्या वाड्यांत ट्रंकेच्या तळाशी जी चेनची, म्हणजे खिशात ठेवायची, घड्याळं निघतेत ती बहुतेक रेल्वे नाहीतर लष्करी कॅम्पाच्या वाटेनं आलेली, बाकी वकील-इनामदार मंडळींची हौस. युरोपात सोळाव्या शतकात अशी घड्याळं कशी सुरू झाली ते सोडूया, ते सगळीकडं लिहिलेलं असतंय. आपल्या कामाचं साल १८६७, तेव्हा स्वित्झर्लंडात पिन-लिव्हरचं स्वस्त मशीन आलं, रॉस्कॉफ म्हणतेत ते, आणि हळूहळू घड्याळ कारकुनालाही परवडायला लागलं.

मग १८८० च्या दशकात इकडं मीटरगेज आली आणि वेळेचा घोळ सुरू झाला. सूर्याच्या हिशोबानं बेळगावची वेळ मुंबईच्या सात एक मिनिटं पुढं आणि मद्रासच्या तेवीस एक मिनिटं मागं, जिल्हा मुंबई इलाख्यातला पण गाडी धावायची मद्रास टाइमवर. म्हणजे गाडी पकडायची तर स्टेशनातल्या घड्याळाला मिळवूनच काटे लावायचे. १९०६ ला देशाची एक वेळ ठरली, तरी मुंबई शहर १९५५ पर्यंत आपल्याच वेळेला चिकटून होतं, ती वेगळीच गंमत.

आता खरा वाद, रिडायलचा, म्हणजे जुनी काढून दुसरी बसवलेल्या डायलीचा. जुनी चांगली डायल मिन्याची, म्हणजे तांब्याच्या पातळ चकतीवर काचेची पूड घालून आठशे डिग्रीच्या आसपास भाजलेली. पांढरीशुभ्र राहते, शंभर वर्षांनीसुद्धा पिवळी पडत नाही, पण घड्याळ एकदा हातातून पडलं की केसासारखी चीर जाते आणि ती काही भरून येत नाही. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली, १९६१ ला बेंगळुरात एचएमटीचा सरकारी घड्याळ कारखाना निघाला पण त्याचा सगळा भर मनगटावरच्या घड्याळांवर, मग खिशातल्या घड्याळाचे पार्ट आणायचे कुठून? घड्याळजींनी एका मेलेल्या घड्याळाचं दुसऱ्याला घातलं, फुटक्या डायलीच्या जागी पत्र्याची रंगवलेली बसवली. मुंबईत तर हे कामच जोरात चालायचं, नव्या डायलीवर इंजिनाचं चित्र आणि रेल्वेचं नाव छापलं की गिऱ्हाईक खूश.

ओळखायचं कसं ते सांगतो. खऱ्या डायलीला मागून तांब्याचे दोन-तीन पाय असतेत, ते मशीनच्या भोकात बसतेत आणि बाजूनं बारीक स्क्रू आवळतो. परकी डायल असली की पाय जुळत नाहीत, मग ते कापून डायल सरळ चिकटवून टाकतेत. दुसरी खूण वरूनच दिसते, सहाच्या जागी सेकंदाचं छोटं वर्तुळ असतंय ना, रिडायलमध्ये त्याचा मध्य आणि काट्याची दांडी एका जागी येत नाही, त्यामुळं काट्याचं टोक एका बाजूला रेघांच्या बाहेर जातं आणि समोरच्या बाजूला आतच राहतं.

हल्लीची जमवणारी मंडळी अशा घड्याळाला सरळ बनावट म्हणतेत आणि जुन्या दुरुस्तीवाल्यांना शिव्या घालतेत. मला ते पटत नाही. त्यांच्यापुढं गिऱ्हाईक होतं, त्याला रोज वेळ बघायची होती, कपाटात मांडायची नव्हती. फसवणूक झाली ती नंतर, तीच डायल 'ओरिजनल रेल्वे वॉच' म्हणून चढ्या भावात विकायला लागले तेव्हा.

१९६९ ला बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ आलं आणि पुढच्या वीसेक वर्षांत चावीची घड्याळं अडगळीत गेली. १९८० च्या सुमाराला सोनं-चांदी भडकली तेव्हा जगभर घड्याळांच्या कितीतरी केस, म्हणजे बाहेरची सोन्या-चांदीची कवचं, वजनावर वितळल्या, नुसती मशीनं डब्यात राहिली. आज त्यांनाच नवी स्टीलची केस घालून मागं काच लावून विकायलेत. बेंगळुरातल्या त्या कारखान्याचं घड्याळाचं कामही २०१६ मध्ये बंद करायचं ठरलं आणि जुन्या चावीच्या घड्याळांचे भाव एकदम वर गेले, त्या लाटेत ट्रंकेतलीही बाहेर आली.

वर्षानुवर्षं बंद असलेल्या अशा घड्याळाला पहिल्यांदा चावी देऊ नका बघा. आतलं तेल वाळून डिंक झालेलं असतंय, तासाला अठरा हजार ठोके मारणारं बॅलन्स, म्हणजे आतलं डोलणारं चाक, कोरड्यावर चाललं की त्याची टोकं झिजतेत. आधी खोलून धुवून ऑइलिंग, मग चावी. आणि डायल बदलायचीच झाली तर पाय कापू देऊ नका, फुटकी जुनी डायल पुडीत बांधून परत मागून घ्या.