महानगरातील नवे ट्रॉमा सेंटर : जागेची निवड

गंभीर जखमींसाठी शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ, सीटी स्कॅन, रक्तपेढी आणि किमान एक मोकळे शस्त्रक्रियागृह चोवीस तास तयार ठेवणाऱ्या रुग्णालयाला ट्रॉमा सेंटर म्हणतात. ‘अपघात विभाग’ अशी पाटी आणि दोन खाटा एवढ्यावर ते होत नाही. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, अशा केंद्रात उपचार मिळालेल्या जखमींच्या मृत्यूचा धोका साध्या रुग्णालयांपेक्षा २५ टक्क्यांनी कमी आढळला.

शहर वाढले की वस्ती, कारखाने आणि वेगवान रस्ते कडेला सरकतात. मोठी रुग्णालये मात्र जुन्या शहरातच राहतात. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली, क्षेत्र ५१६ चौ. किमी. झाले. ससून रुग्णालय रेल्वे स्टेशनजवळ आणि यशवंतराव चव्हाण रुग्णालय पिंपरीत आहे. गंभीर अपघात मात्र नवले पूल, चाकण, वाघोली, सोलापूर रस्ता असे चहूबाजूंना होतात. अशा महानगरात आणखी एक केंद्र काढायचे, तर ते कोठे, याचा निर्णय बहुतेक वेळा ‘भूखंड कोठे मोकळा आहे’ येथून सुरू होतो. तो शेवटचा प्रश्न असायला हवा.

वेळ कशी मोजावी

नकाशावर कंपासने वर्तुळे काढणे ही सर्वांत जास्त केली जाणारी चूक. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातून पिंपरीला यायचे तर मोशीजवळ इंद्रायणी ओलांडावी लागते. शिफ्ट सुटताना नाशिक महामार्गावर कंपन्यांच्या बसगाड्या आणि कंटेनर अडकले, की रात्री दोनला लागणारा वेळ आणि संध्याकाळी साडेसहाला लागणारा वेळ यांचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही. म्हणून पहाट, सकाळची गर्दी, संध्याकाळची गर्दी आणि रात्र अशा चार वेळा धरून, रुग्णवाहिकांच्या जीपीएस नोंदींवरून वेळ काढावी. सरासरी घेऊ नये. दहापैकी नऊ फेऱ्या जेवढ्या वेळात होतात ती वेळ धरावी. मरणारा जखमी बहुधा दहाव्या फेरीत असतो.

प्रवास हा एकूण वेळेचा एक तुकडा आहे. फोन, गाडी निघणे, गाडी पोचणे, घटनास्थळी उचलणे (हे दहा मिनिटांच्या आत उरकावे असा दंडक आहे), प्रवास, आणि दारातून शस्त्रक्रियागृहापर्यंत, असे सहा टप्पे वेगळे मांडावेत. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक (व्हेंटिलेटरसारखी साधने असलेल्या) होत्या. गाडी यायलाच पंचवीस मिनिटे लागत असतील, तर त्या भागाला आधी रुग्णवाहिकेचा तळ हवा आहे. ते काम इमारतीपेक्षा कितीतरी स्वस्तात आणि लवकर होते.

सातवा टप्पा कागदावर दिसत नाही: जवळच्या नर्सिंग होममध्ये नेणे, सलाईन लावणे, ‘पुढे घेऊन जा’ ऐकणे आणि दुसरी गाडी शोधणे. त्यासाठी रुग्णालयात पोचलेल्या प्रत्येक गंभीर जखमीच्या केसपेपरवर ‘थेट आला की रेफर होऊन’ आणि अपघाताची वेळ या दोन नोंदी सक्तीच्या कराव्यात.

जखमी कोठे आणि किती

केंद्र सरकारच्या व्याख्येप्रमाणे, सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात किंवा १० मृत्यू झाले, तर तो ब्लॅक स्पॉट. ही यादी उपयोगी आहे, पण अपुरी. रेल्वेखाली सापडलेले लोहमार्ग पोलिसांच्या दप्तरात असतात, प्रेस मशीनमध्ये हात गेलेला कामगार खासगी रुग्णालयात, आणि परांचीवरून पडलेला गवंडी पुष्कळदा कोठेच नाही. पोलीस, १०८, कारखाने आणि रुग्णालये अशा चारही नोंदी एकत्र केल्याशिवाय नकाशा खरा होत नाही. वजन लोकसंख्येला न देता जखमींना द्यावे: लोक जेथे झोपतात तेथे ते जखमी होतातच असे नाही.

गांभीर्य मोजण्याची रूढ पद्धत अशी: शरीराचे सहा भाग धरून प्रत्येकाच्या जखमेला गुण द्यायचे, सर्वाधिक जखमी तीन भागांच्या गुणांचे वर्ग करून (गुणाला त्यानेच गुणून) बेरीज करायची. ती १५ च्या वर गेली की जखमी गंभीर. आपल्याकडच्या केसपेपरांवर हे गुण क्वचितच असतात. तेव्हा पहिल्या २४ तासांत शस्त्रक्रिया, रक्त, व्हेंटिलेटर किंवा मृत्यू यांपैकी काहीही झाले तर तो गंभीर, असे धरून चालता येते.

नवी भर की जुन्याचीच वाटणी

महानगराचे अर्ध्या किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येकात तीन वर्षांचे गंभीर जखमी भरायचे आणि प्रत्येक पर्यायी जागेपासून ४५ मिनिटांत किती पोचतात ते मोजायचे, ही ‘कमाल व्याप्ती’ पद्धत. चर्च आणि रेव्हेल या संशोधकांनी १९७४ मध्ये मांडलेली. मात्र मोजायचे ते आज कोणत्याही केंद्राच्या टप्प्यात नसलेले जखमी. समजा, जागा ‘अ’च्या टप्प्यात ९०० जखमी येतात, पण त्यांतले ७०० जुन्या केंद्राच्या टप्प्यात आधीच आहेत, ‘ब’च्या टप्प्यात ४००, पैकी ३५० नवे. अहवालात ‘अ’ मोठी दिसते, जीव मात्र ‘ब’ वाचवते.

येथेच दुसरी अडचण उभी राहते. ‘ब’चे ३५० म्हणजे वर्षाला सव्वाशेच्या आत. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’ या शल्यचिकित्सकांच्या संघटनेच्या निकषात पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, स्तराच्या केंद्राकडे वर्षाला १,२०० जखमी किंवा १५ च्या वर गुण असलेले २४० जखमी यावे लागतात. फुटलेली प्लीहा किंवा चिरडलेले ओटीपोट हाताळणारा चमू रोजच्या सरावाने तयार होतो. रुग्ण विखुरले की नवे केंद्र तयार होत नाही आणि जुन्याचाही सराव सुटतो. म्हणून ‘ब’ येथे खालच्या स्तराचे केंद्र काढावे: रक्तस्राव थांबवणे, छातीत नळी, पोटाची पहिली शस्त्रक्रिया तेथे, मेंदूची किंवा गुंतागुंतीची कामे ठरलेल्या कराराने मोठ्या केंद्रात.

लंडनने हाच विचार केला. ८० लाखांच्या शहरात २०१० पासून चारच मुख्य केंद्रे नेमली गेली, व्हाइटचॅपल, कॅम्बरवेल, टूटिंग आणि पॅडिंग्टन येथे. शिकागोत उलट घडले. शहराच्या दक्षिण भागातल्या विद्यापीठ रुग्णालयाने प्रौढांची ट्रॉमा सेवा १९८८ मध्ये बंद केली. ज्या भागात गोळीबार जास्त, तेथेच केंद्र उरले नाही. २०१३ च्या अभ्यासात केंद्रापासून ८ किमी.हून दूर गोळी लागलेल्यांत मृत्यू अधिक आढळले. लोकांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले आणि १ मे २०१८ रोजी ती सेवा पुन्हा सुरू झाली. तीस वर्षे हा मोठा काळ आहे.

भूखंड

मुंबईत जोगेश्वरीचे महापालिकेचे ट्रॉमा रुग्णालय पश्चिम द्रुतगती महामार्गालगत आहे. महामार्गाची जवळीक चांगलीच, पण दुभाजक आडवा आला तर समोरच्या बाजूची गाडी दोन किलोमीटर वळसा घालते. म्हणून दोन्ही दिशांनी थेट प्रवेश आहे का, हे रुग्णवाहिका चालवून पाहावे. भूखंड नदी-ओढ्याच्या निळ्या आणि लाल (नेहमीच्या आणि मोठ्या पुराच्या), दोन्ही पूररेषांच्या बाहेर हवा. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने लोकांचे जीव घेतले ते ध्यानात ठेवावे. वीज दोन वेगळ्या उपकेंद्रांवरून घ्यावी. रुग्णवाहिकेचे दार, सीटी आणि शस्त्रक्रियागृह एकाच मजल्यावर किंवा स्वतंत्र लिफ्टने जोडलेले असावे. एकाच वेळी अनेक जखमी येतील अशी मोकळी जागाही सोडावी लागते: २० नोव्हेंबर २०२२ ला नवले पुलावर एका अवजड वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली होती.

कर्मचारी निवास आवारातच हवेत. त्याच अमेरिकी निकषात पहिल्या दोन स्तरांच्या केंद्रांत शल्यचिकित्सक १५ मिनिटांत रुग्णापाशी पोचावा लागतो, आणि शहराच्या कडेला घर नसलेला भूलतज्ज्ञ रात्रपाळीला टिकत नाही. इमारत तयार होऊनही केंद्र रखडते ते पुष्कळदा या एका पदावर. म्हणून पदनिर्मितीचा आदेश आणि बांधकामाचा आदेश एकाच दिवशी काढून घ्यावेत, आणि १०८ च्या चालकांना कोणता जखमी जवळचे रुग्णालय ओलांडून थेट येथे आणायचा याचा एक पानी तक्ता उद्घाटनाआधी द्यावा.