तात्पुरता खर्च कायमचा कसा झाला, हे विचारणारा माहिती अधिकार अर्ज: नेमका कुठे अडतो?

पगाराच्या स्लिपवर ‘पी.टी.’ म्हणून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. वर्षाचे २,५०० झाले. हा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने आला. १९७२ च्या दुष्काळात गावोगाव खडी फोडायची कामं निघाली, त्या रोजगार हमीला पैसा हवा होता म्हणून शहरातल्या नोकरदारांवर हा कर बसवला. कराची रक्कम आणि तितकाच शासनाचा हिस्सा रोजगार हमी निधीत जायचा, असं ठरलं. दुष्काळ सरला, कर राहिला.

तरी या प्रकरणात निदान रीत पाळली गेली. विधिमंडळाने १९७७ चा कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि योजनेवर नजर ठेवायला आमदारांची समितीही आहे. जिथे असा कायदा होत नाही तिथे खरी गंमत असते. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर ‘अस्थायी पदे पुढे चालू ठेवणे’ एवढंच शोधून बघा. एखाद्या कामासाठी तात्पुरती निर्माण केलेली पदं सहा-सहा महिन्यांच्या मुदतवाढीवर वर्षानुवर्षं चाललेली दिसतील. मुदतवाढीच्या त्या कागदावर सभागृहात स्वतंत्र चर्चा होत नाही. पगाराची रक्कम विभागांच्या खर्चाच्या मागण्यांच्या जाडजूड पुस्तकात एका ओळीत असते, आणि ते पुस्तक एका दुपारी मंजूर होतं.

‘हे अजून का चालू आहे?’ असं विचारणारे अर्ज घेऊन लोक येतात. त्यातले बरेच फेटाळलेले असतात आणि कारणं ठरावीकच असतात. म्हणून हे लिहितोय.

अर्ज कोण करू शकतो? भारताचा कोणताही नागरिक. मंडळाच्या, संघटनेच्या किंवा सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज करू नका. ‘संस्था ही नागरिक नाही’ हे एका ओळीचं उत्तर फार लवकर येतं. अध्यक्षांनी स्वतःच्या नावाने, घरच्या पत्त्यावरून अर्ज करावा. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही. कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं, तरी खिडकीवर विचारतातच.

कागदपत्रं फारशी नाहीत: जोडपत्र ‘अ’ नमुन्यातला अर्ज आणि त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी नाही, पण तसा दाखला जोडायलाच हवा. ऑनलाइन पोर्टलही आहे. एक चूक मात्र नेहमीची. महालेखापालांचं, म्हणजे राज्याच्या खर्चाचा हिशेब पाहणारं कार्यालय मुंबईत किंवा नागपुरात असलं तरी ते केंद्राचं आहे. तिथे महाराष्ट्राचं कोर्ट फी तिकीट चालत नाही. पोस्टल ऑर्डर द्या किंवा केंद्राच्या पोर्टलवरून भरा.

आता खऱ्या अडचणीकडे. जी गोष्ट कुणाकडेच नसते ती म्हणजे लेखाशीर्ष, म्हणजे तो खर्च हिशेबात ज्या आकड्याखाली नोंदवतात तो आकडा. कायदा ते मागत नाही. पण तुम्ही ‘दुष्काळावरचा खर्च’ असं लिहिलंत की टेबलावरचा माणूस ‘माहिती आढळून येत नाही’ असं लिहून मोकळा होतो, आणि त्याला खोटं पाडणं अवघड जातं. शासनाचा प्रत्येक रुपया आकड्याखाली नोंदवलेला असतो. नैसर्गिक आपत्तीची मदत २२४५ खाली, ग्रामीण रोजगार २५०५ खाली, व्यवसाय कराची जमा ००२८ खाली. पुढचे आकडे शोधायला मंत्रालयात जायला नको. अर्थसंकल्पाची आणि पुरवणी मागण्यांची (अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा पैशांची) पुस्तकं वित्त विभागाच्या संकेतस्थळावर असतात, शिवाय खर्चाच्या शासन निर्णयात शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात ‘सदर खर्च पुढील लेखाशीर्षाखाली भागविण्यात यावा’ हे वाक्य सापडतंच. ते आकडे जसेच्या तसे उतरवून घ्या. अर्धी लढाई तिथेच जिंकता.

दुसरी अडचण ‘का’ या शब्दाची. ‘योजना तात्पुरती असताना बंद का केली नाही?’ हा प्रश्न नागरिक म्हणून रास्त आहे, पण अर्जात तो मरतो. माहिती अधिकारात दफ्तरी असलेला कागद मिळतो. अधिकाऱ्याचं मत किंवा नव्याने तयार केलेलं स्पष्टीकरण मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. म्हणून ‘का’ काढून टाका आणि ज्या कागदावर ते कारण लिहिलं असेल तो कागद मागा. मुदतवाढ द्यायची तर फाइलवर टिपणी लिहावीच लागते. तुम्हाला ती टिपणी हवी आहे.

तिसरी अडचण लांबीची. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एक अर्ज, एक विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे. मी पाहिलेला एक अर्ज अकरा पानांचा होता, त्यात स्वातंत्र्यसैनिक आजोबांपासून सुरुवात होती. कळकळ खरी होती, अर्ज मात्र परत आला. एवढं पुरतं:

‘लेखाशीर्ष (आकडे) अंतर्गत दि. … च्या शासन निर्णयाने तात्पुरत्या स्वरूपात मंजूर झालेल्या योजनेबाबत: १) आजवरच्या सर्व मुदतवाढ आदेशांच्या प्रती, २) शेवटच्या मुदतवाढीच्या प्रस्तावावरील टिपणी व वित्त विभागाचे अभिप्राय, ३) मागील पाच वर्षांची तरतूद व प्रत्यक्ष खर्च, ४) योजनेचे मूल्यमापन झाले असल्यास त्या अहवालाची प्रत.’

चौथा मुद्दा गाळू नका. ‘मूल्यमापन अहवाल उपलब्ध नाही’ असं लेखी उत्तर आलं तर तेच तुमच्या आमदाराच्या हाती द्यायचा सगळ्यात वजनदार कागद असतो.

कलम ८(१)(ग) वाचून घाबरू नका. विषय विधिमंडळाच्या समितीपुढे असला की ‘विशेषाधिकार भंग होईल’ (म्हणजे सभागृहाच्या खास हक्काला धक्का लागेल) म्हणून नकार येतो. समितीला काय सांगितलं हे तुम्ही विचारूच नका. विभागाचे स्वतःचे आदेश, निधी वितरणाचे कागद, खर्चाचे तक्ते मागा. सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा अहवाल तर सभागृहात ठेवला गेला की सगळ्यांचाच. त्यासाठी अर्जाचे दहा रुपयेही घालवू नका. संकेतस्थळावर मोफत आहे, आणि व्यवसाय कराचा पैसा रोजगार हमी निधीत पूर्ण वळता झाला का, हा प्रश्न अशा अहवालांतही आलेला आहे.

अर्ज चुकीच्या विभागात गेला तर त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. पाठवतात, पण सावकाश.

मुदतीचा हिशेब लोक हमखास चुकवतात. उत्तरासाठी ३० दिवस, हे सगळ्यांना पाठ असतं. पण झेरॉक्सचे पैसे भरा असं पत्र विभागाने पाठवलं की त्या दिवसापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजले जात नाहीत. ते पत्र अठ्ठाविसाव्या दिवशी निघालं आणि तुम्ही ते महिनाभर टेबलावर ठेवलंत, तर विभाग बिनचूक ठरतो. पानाला २ रुपये असतात, त्याच आठवड्यात भरून टाका आणि पावती जपा. ३० दिवस उलटून गेल्यावर दिलेली माहिती मात्र फुकट द्यावी लागते; तेव्हा उशिरा मागितलेल्या पैशांना नम्रपणे नकार द्या.

उत्तर आलंच नाही तर ‘अजून थोडं थांबू’ म्हणणारे पहिलं अपील गमावतात. मौन हाही नकारच आहे, आणि तो ३० दिवस संपले त्या दिवशी मिळालेला असतो. तिथून ३० दिवसांत त्याच विभागातल्या वरिष्ठाकडे अपील करायचं, २० रुपयांच्या तिकिटासह. त्यांना निर्णयाला ३० दिवस, फार तर ४५. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तिथे रांग लांब आहे, धीर धरायची तयारी ठेवा.

कागद हातात आले की अधिवेशनाच्या आधी आमदाराला भेटा, अधिवेशन संपल्यावर नको. पुरवणी मागण्यांवर कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करा अशी सूचना) देता येते, तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) टाकता येतो, पण त्यासाठी सूचना आगाऊ द्यावी लागते. सोबत आदेशाची तारीख, लेखाशीर्ष आणि कितवी मुदतवाढ एवढं एका पानावर लिहून न्या. पूर्ण फाइल दिलीत तर ती गाडीच्या डिकीत जाते.