शहरातला धूर, शिवारातली तूट

हमरस्त्याला लागून असलेल्या रानातलं ज्वारीचं एखादं पान चिमटीत धरून पुसून बघा. बोटाला काळपट थर लागतो. त्यात डिझेलची काजळी असते, झिजलेल्या टायरांची भुकटी असते आणि रस्त्याची धूळ असते. हा थर ऊन अडवतो, पर्णरंध्रं बुजवतो. पण बांधापासून आत जावं तसा तो विरळ होत जातो. पिकाचं मोठं नुकसान करणारा वायू मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि रस्त्याकडेला थांबतही नाही.

तो म्हणजे ओझोन. उंच आकाशात तो आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो, जमिनीलगत तोच पिकांना विष ठरतो. गाडीच्या धुरात ओझोन नसतो. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि अर्धवट जळालेल्या इंधनाच्या वाफा यांच्यावर कडक ऊन पडलं की तो तयार होतो. हे कोडं पिकांमुळेच सुटलं. १९४०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या आसपास पालकासारख्या भाज्यांची पानं खालून रुपेरी, मग तपकिरी पडू लागली. तोवर अननसाच्या स्वादाचं रसायन तपासणारे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी त्याचा माग काढला, तो थेट मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरापर्यंत पोचला.

भर रहदारीत ओझोन उलट कमी असतो, कारण ताजा धूरच त्याला खाऊन टाकतो. वाऱ्याबरोबर पुढे गेलेला धूर उन्हात मुरतो आणि ओझोन खेड्यावर साचतो. न्यूयॉर्कमध्ये लावलेली कॉटनवूड या झाडाची रोपं गावाकडच्या रोपांच्या दुप्पट वाढली, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. कारण ओझोनच होतं. गाड्या शहराच्या आणि भुर्दंड शिवाराला, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

पर्णरंध्रांतून आत शिरलेला ओझोन पानाची अन्न तयार करण्याची ताकद मारतो. जुन्या पानांवर शिरांच्या मधे बारीक ठिपके उठतात, शिरा हिरव्याच राहतात. करपा समजून फवारणी केली तर पैसा वाया जातो. पुष्कळदा ठिपकेही दिसत नाहीत. पान नुसतं लवकर पिवळं पडतं आणि ओंबीतला दाणा बारीक राहतो. पाणी दिलेल्या, तरारलेल्या पिकाची रंध्रं सताड उघडी असतात, म्हणून ते जास्त ओझोन ओढून घेतं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ सालचा हिशेब मांडला होता. ओझोनमुळे देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन भात बुडाला, असा त्यांचा अंदाज. आपल्याकडच्या कपाशीलाही त्याची झळ बसते.

हवा मोजणारी बहुतेक केंद्रं आजही शहरांत आहेत. गहू दाण्यावर असताना दुपारी दोन वाजता त्या वावरात ओझोन किती होता, याची नोंद क्वचितच होते.