सोफिया लॉरेनचे लग्न: रद्द झाले ते नेमके कोणते?

इटालियन अभिनेत्री सोफिया लॉरेनचे ऑस्कर आणि तिचे सौंदर्य इथे गृहीत धरतो. १९३४ साली रोममध्ये जन्म, नेपल्सजवळच्या पोत्सुओलीत युद्धकाळातले उपासमारीचे बालपण, तिच्या आईशी वडिलांनी न केलेले लग्न, १९५० ची सौंदर्यस्पर्धा आणि मग सिनेमा, एवढ्यावर भागते. घोळ आहे तो लग्नाच्या सालात. कुणी १९५७ लिहितो, कुणी १९६६. आणि मध्येच ‘१९६२ मध्ये विवाह रद्द’ असे वाक्य येते, त्याचा अर्थ बहुतेक जण उलटा लावतात.

तिचा नवरा म्हणजे तिच्या चित्रपटांचा निर्माता कार्लो पोन्ती. तो तिच्याहून जवळजवळ बावीस वर्षांनी मोठा, विवाहित, दोन मुलांचा बाप. इटलीत तेव्हा घटस्फोटाचा कायदाच नव्हता. त्याने मेक्सिकोत घटस्फोट घेतला आणि सप्टेंबर १९५७ मध्ये तिथेच सोफियाशी लग्न लावले. लावले म्हणजे अक्षरशः लावले. वधूवर अमेरिकेत होते आणि मेक्सिकोतल्या हुआरेझ शहरात त्यांच्या जागी दोन वकील उभे राहिले, दोघेही पुरुष. आपल्याकडे संस्थानिकांची खांड्याशी, म्हणजे गैरहजर वराच्या तलवारीशी, लागलेली लग्ने वाचलेल्यांना याचे फार नवल वाटू नये.

इटलीला हा घटस्फोट मान्य नव्हता. म्हणजे पहिले लग्न शाबूत, आणि दुसरे म्हणजे द्विभार्याविवाहाचा गुन्हा. व्हॅटिकनच्या मुखपत्राने झोडपले, तक्रारी झाल्या, खटला उभा राहिला. तुरुंगाची टांगती तलवार डोक्यावर घेऊन मायदेशी कसे राहायचे? तेव्हा १९६२ मध्ये रद्द करून घेतले गेले ते मेक्सिकोतले लग्न. पहिले नव्हे. ‘आमचे लग्न झालेलेच नाही’ हाच त्यांचा बचाव होता. ज्या वर्षी तिला ऑस्कर मिळाले, त्याच वर्षी ती कायद्याने पुन्हा अविवाहित झाली. इंग्रजीखेरीज अन्य भाषेतल्या अभिनयासाठीचे ते पहिलेच ऑस्कर. भूमिका आईची होती, तीही आधी दुसऱ्याच ज्येष्ठ अभिनेत्रीसाठी ठरलेली. त्या बेतात सोफिया मुलगी होणार होती.

तोडगा निघाला फ्रान्समध्ये. सोफिया, निर्माता आणि त्याची पहिली पत्नी, तिघांनीही फ्रेंच नागरिकत्व घेतले. १९६५ मध्ये तिथे रीतसर घटस्फोट झाला आणि एप्रिल १९६६ मध्ये पॅरिसजवळच्या सेव्हर्‌ला लग्न. पहिल्या पत्नीच्या या सहकार्याला लेखांमधून एखादी ओळ मिळते, तीही मिळाली तर. मला तीच या प्रकरणातली सर्वांत समंजस व्यक्ती वाटते. दरम्यान १९६४ मध्ये, लग्नासाठी पुरुषाला खिंडीत गाठणाऱ्या बाईच्या भूमिकेत सोफिया पडद्यावर आली होती. त्या चित्रपटाच्या नावाचा अर्थ ‘इटालियन पद्धतीचे लग्न’. त्यावरही ऑस्करचे नामांकन मिळाले.

इटलीत घटस्फोटाचा कायदा आला डिसेंबर १९७० मध्ये. तो मोडीत काढण्यासाठी १९७४ मध्ये सार्वमत झाले, तेव्हा सुमारे ५९ टक्के मतदारांनी तो राखला. सोफियाच्या प्रकरणाने कायदा आणला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण श्रीमंतांना परदेशी जाता येते, बाकीच्यांनी काय करायचे, हा प्रश्न त्याने चव्हाट्यावर आणला.

इटलीच्या कायद्याने पुढेही तिची पाठ सोडली नाही. कर चुकवल्याबद्दल १९८२ मध्ये ती सतरा दिवस कासेर्ताच्या तुरुंगात होती. १९७४ च्या विवरणपत्राचा वाद तर २०१३ पर्यंत चालला. तो सर्वोच्च न्यायालयात तिच्या बाजूने लागला तेव्हा ती ७९ वर्षांची होती.