ट्यूबमधलं रक्त जगतच असतं

कोपराच्या खळग्यातून रक्त काढलं, ट्यूबला टोपण लागलं, नावाची पट्टी चिकटली, की आपल्या लेखी काम संपतं. रक्ताचं मात्र चालूच असतं. त्यातल्या तांबड्या पेशी ट्यूबमध्येही जगतात आणि त्यासाठी त्यांना साखर लागते. या पेशींत मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे पेशीतले छोटे कारखाने, नसतात, त्यामुळे ग्लुकोज फोडून त्याचं लॅक्टिक आम्ल करणं हाच त्यांचा ऊर्जेचा मार्ग. अंगात असताना यकृत साखरेची भरपाई करतं. ट्यूबमध्ये ती कोण करणार?

म्हणून खोलीच्या तापमानाला नुसतं ठेवलेल्या रक्तातलं ग्लुकोज तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरतं. उपाशीपोटी १३० असलेली शुगर दोन तासांत ११५च्या आसपास येऊ शकते. १२६ आणि त्यापुढे मधुमेह, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. म्हणजे माणूस तोच, रक्तही तेच, पण सँपल मोटारसायकलवरून तालुक्याला पोचेपर्यंत निदान बदललं! ज्याला आज औषधाची आणि पथ्याची गरज आहे तो निर्धास्त घरी जातो, हे मला फार गंभीर वाटतं.

यावर उपाय म्हणून शुगरसाठी करड्या टोपणाची ट्यूब वापरतात. तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं. पण फ्लोराइड ज्या एन्झाइमला अडवतं ते ग्लुकोज फोडण्याच्या साखळीत अगदी शेवटाकडे आहे. आधीच्या पायऱ्या काही काळ चालूच राहतात, त्यामुळे पहिल्या एक-दोन तासांतली घट फ्लोराइडने पूर्ण थांबत नाही. सायट्रेट घालून रक्त आम्लधर्मी केलं तर साखळीची सुरुवातच अडते, म्हणून तशा ट्यूब जास्त भरवशाच्या.

मग सरळ बर्फात का ठेवू नये? शुगरसाठी ते चांगलंच. पण त्याच रक्तातून पोटॅशियम मोजायचं असेल तर थंडी घात करते. तांबड्या पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा तीसेक पटीने जास्त असतं आणि पेशीच्या आवरणातले पंप सतत ऊर्जा खर्चून ते आत ओढून ठेवतात. थंडीत पंप मंदावतात, पोटॅशियम बाहेर झिरपतं, आणि ज्याला काहीच झालेलं नाही त्याच्या रिपोर्टवर हृदयाला धोकादायक वाटावा असा आकडा येतो. एकच सँपल, पण एका तपासणीला जे तारतं ते दुसरीला मारतं. खरा उपाय म्हणजे रक्त काढलं तिथेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी आणि द्रव लवकर वेगळे करणं. पेशी बाजूला झाल्या की साखर खाणारं आणि पोटॅशियम सोडणारं कुणी उरत नाही. गावागावांतल्या कलेक्शन सेंटरांत हे यंत्र असायलाच हवं.

एचबीएवनसी ही मधुमेहाची दुसरी रक्ततपासणी या बाबतीत बरीच सोशिक. हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर ट्यूबमध्ये सहजी सुटत नाही, त्यामुळे फ्रिजमध्ये ठेवलेलं सँपल काही दिवसांनी तपासलं तरी चालतं. पण तो आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, आज सकाळची शुगर नाही.

दोन रिपोर्ट शेजारी ठेवून ‘शुगर उतरली’ म्हणण्याआधी म्हणूनच दोन वेळा बघाव्यात: सँपल घेतल्याची आणि ते लॅबमध्ये पोचल्याची. बऱ्याच रिपोर्टांवर दोन्ही छापलेल्या असतात. दोन्हींत तीन-चार तासांचं अंतर दिसलं, तर रक्त कोणत्या ट्यूबमध्ये घेतलं होतं हे लॅबला बेलाशक विचारावं.