बी-१ तोडणारं एन्झाइम: कोल्ह्यांपासून लागलेला छडा

१९३२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात चॅस्टेक यांच्या कोल्हापालन केंद्रावर कोल्हे मरू लागले. आधी त्यांचं खाणं सुटायचं, मग चाल अडखळायची, पाय आखडायचे आणि शेवटी जीव जायचा. त्यांच्या खाण्यात कच्चा कार्प मासा होता. तोच मासा शिजवून घातला तर कोल्ह्यांना काही होत नसे. म्हणजे माशातलं जे काही घातक होतं, ते उष्णतेनं नष्ट होत होतं. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, प्रयोगशाळेत बनवणं १९३६ मध्ये जमलं होतं. आजारी कोल्ह्यांना ते दिलं की ते सावरत. थायमिनमध्ये दोन वलयं एका पुलानं जोडलेली असतात. माशातलं एन्झाइम नेमका तो पूल तोडतं. त्याचं नाव थायमिनेज. ‘चॅस्टेक पक्षाघात’ हे आजाराचं नाव मात्र टिकलं.

घोड्यांचं कोडंही यातूनच सुटलं. ब्रॅकन नेचा खाऊन घोडे लडखडत. नेच्यातही थायमिनेज निघालं आणि थायमिनच्या इंजेक्शननं घोडे बरे झाले.

मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट आहे ती याआधीची, जीवनसत्त्व हा शब्दही नव्हता तेव्हाची. १८६१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कूपर्स क्रीकजवळ बर्क, विल्स आणि किंग हे गोरे शोधप्रवासी अडकले. शिधा संपला, तेव्हा त्यांनी नार्डू या पाणनेच्याच्या बीजाणुकोशांचं पीठ खायला सुरुवात केली. पोट भरत होतं, पण अंगातलं त्राण जात होतं, हे विल्सनं डायरीत लिहून ठेवलंय. तो आणि बर्क दोघेही वारले. तिथल्या मूळ रहिवासी यांड्रुवांधा लोकांनी सांभाळल्यामुळे एकटा किंग वाचला. हे लोक पिढ्यान् पिढ्या नार्डू खात आले होते, पण आधी भाजून, मग भरपूर पाण्यात वाटून. गोऱ्या मंडळींनी पदार्थ उचलला, कृती सोडून दिली. त्यांच्या मृत्यूंमागे थायमिनेज असावं, हा तर्क मांडला गेला तो थेट १९९४ मध्ये.

उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्समध्ये हाच प्रकार पुढच्या पिढीवर बेततो. लेक ट्राउट मासे एलवाइफ मासे खातात. एलवाइफमध्ये थायमिनेज भरपूर. मग मादीच्या अंड्यांत थायमिन कमी पडतं आणि पिल्लं मरतात.

थायमिनेजचा दुसरा एक प्रकार जिवाणूंत आढळतो. त्यालाही बरीच वर्षं विध्वंसकच मानत होते. २००७ मध्ये कळलं की तो मोडक्या थायमिनचे तुकडे वेचून पुन्हा वापरात आणतो.