संथ उच्छ्वास, थायरॉइडची गोळी आणि गरोदरपणातील झोप

घशातून घर्षणाचा आवाज काढत उज्जायी प्राणायाम केला की थायरॉइड ग्रंथीला मालिश होते आणि मग गोळीची गरज उरत नाही, असा सल्ला मोबाइलवरून फिरत असतो. बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक रात्र रात्र जागी असते, तेव्हा घरातले कोणीतरी मायेने तो तिच्यापुढे ठेवते. हेतू चांगला असला तरी सल्ला घातक आहे. थायरॉइडचे काम पीयूषिका ग्रंथीच्या टीएसएच या संप्रेरकाच्या आज्ञेने चालते, घशातील कंपनांनी नव्हे. गर्भाची स्वतःची ग्रंथी साधारण 12 व्या आठवड्याच्या सुमारास संप्रेरक बनवू लागते, आणि तोवर त्याच्या मेंदूला लागणारे थायरॉक्सिन हे थायरॉइडचे संप्रेरक केवळ आईकडून मिळते. म्हणूनच थायरॉइड मंद असलेल्या स्त्रीचा गोळीचा डोस गरोदरपणात बहुधा वाढवावा लागतो. तो थांबवणे आणि गळ्यात मंतरलेला दोरा बांधणे यांत मला फरक दिसत नाही.

श्वासाचा खरा उपयोग आहे, पण तो झोपेसाठी, आणि त्यामागची यंत्रणा फार सुंदर आहे. मेंदूच्या तळापासून हृदयापर्यंत उतरणारी व्हेगस चेता हृदयाचा वेग सतत आवरून धरते. आपण श्वास आत घेतो तेव्हा तिचे संदेश क्षीण होतात आणि ठोके किंचित जलद पडतात. श्वास सोडताना ते परततात आणि ठोके मंदावतात. ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बेडकाच्या हृदयाची ही चेता उत्तेजित केली आणि त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तेव्हा तेही मंदावले. चेता रसायनाद्वारे बोलते, हे त्यातून सिद्ध झाले आणि 1936 मध्ये त्यांना हेन्री डेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. ठोक्यांची लय ठरवणाऱ्या पेशींमधील पोटॅशियमचे मार्ग ते उघडते, धन आयन पेशीबाहेर पडतात आणि पुढचा ठोका सुरू होण्यासाठी लागणारी विद्युतपातळी गाठायला पेशीला अधिक वेळ लागतो. हे रसायन क्षणार्धात विघटित होत असल्यामुळे एकेका उच्छ्वासाचा परिणाम त्याच उच्छ्वासात दिसतो. उच्छ्वास लांबवला की हा मंदावण्याचा काळही लांबतो.

येथे गरोदर स्त्रीने एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. प्रोजेस्टेरॉन या गरोदरपणात वाढणाऱ्या संप्रेरकामुळे तिचा श्वास आधीच नेहमीपेक्षा खोल झालेला असतो आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी झालेला असतो. मुद्दाम आणखी खोल श्वास घेतल्यास तो अधिक घटून चक्कर येऊ शकते. म्हणून श्वास हळू असावा, खोल नव्हे. नाकाने सहज आत घ्यावा, त्याहून थोडा अधिक वेळ लावून सोडावा आणि मध्ये रोखून धरू नये. कपालभाती आणि भस्त्रिका या काळात टाळाव्यात. शेवटच्या तिमाहीत उताणे न झोपता कुशीवर झोपावे, कारण उताण्या स्थितीत गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो. कुशीवर पडूनच पायांपासून खांद्यांपर्यंत एकेक स्नायू हलकेच आवळून सैल सोडण्याची एडमंड जेकबसन यांची पद्धतही करता येते. मात्र पोटरीत गोळा येत असेल तर ती आवळू नये.

खानदेशात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि भिंती रात्रीपर्यंत तापलेल्या राहतात. झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान किंचित उतरावे लागते, त्यामुळे अंगणात बाज टाकण्याची जुनी रीत शास्त्राला धरून आहे; फक्त मच्छरदाणी हवी.

शांत पडूनही छातीत सतत धडधड होत असेल, हात थरथरत असतील किंवा वजन घटत असेल, तर श्वासावर विसंबून न राहता थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी. रात्री पाय सतत हलवावेसे वाटत असतील तर लोहाची कमतरता तपासावी. लोहाची व कॅल्शियमची गोळी थायरॉक्सिनचे शोषण रोखते, म्हणून त्या गोळ्या आणि थायरॉइडची गोळी यांच्यात किमान 4 तासांचे अंतर ठेवावे.